जी चावी मी कापली नव्हती

मित्रांनो, मी चाव्या कापणारे एक जुने यंत्र आहे. दिसायला ओबडधोबड. अंगावरचा हिरवा रंग जागोजागी उडालेला आणि आवाज असा, की मी सुरू झाले की शेजारचा चहावाला गिऱ्हाइकांशी खाणाखुणांनी बोलतो. माणसे म्हणतात, लोखंडाला मन नसते. नसेलही. पण लोखंडाला क्षमा करायची सवयही नसते. माझ्या माणसाचे ज्याने वाईट केले, त्याला मी अजून विसरलेले नाही. त्याचीच ही गोष्ट आहे. ती गोड नाही, पण ऐकून ठेवा. कधीतरी उपयोगी पडेल.

माझा जन्म एका ओतकाम कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, पोलादाची धारदार चकती आणि दोन जबडे. डाव्या जबड्यात मूळ चावी आवळायची, उजव्यात कोरी. डावीकडचे बोट मूळ चावीच्या दातांवरून सरकत जाते आणि उजवीकडची चकती कोऱ्या चावीत तेच दात कापते. पितळेचा सोनेरी कीस उडतो, आणि जिथे एकच चावी होती तिथे दोन होतात. माझ्या उजव्या जबड्याला मात्र जन्मापासून एक टवका उडालेला आहे. त्यात आवळलेल्या प्रत्येक चावीच्या कुशीवर नखाएवढी एक चंद्रकोर उमटते. चावीचे त्याने काही बिघडत नाही. कारखान्यातल्या तपासनिसाने ती खोड पाहिली, नाक मुरडले आणि मला स्वस्तात काढून टाकले.

मला विकत घेणारा तरुण आपल्या म्हाताऱ्या आईसोबत आणि धाकट्या बहिणीसोबत राहत होता. बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. बाजारातल्या एका जिन्याखाली त्याने मला बसवले. हाताला विलक्षण हलका माणूस होता. गिऱ्हाईक दारात उभे राहून कुरकुरत असताना हा चावी कापून, कानस मारून, फुंकर घालून त्याच्या हातात देत असे. बहीणही त्याच्या शेजारी बसून काम शिकली. बाजारातले सगळे तिला ताई म्हणू लागले. ती दादाहून फटकळ होती. दादा सगळ्यांवर विश्वास टाकायचा आणि ताई कोणावरच टाकायची नाही. त्यामुळे दुकानाचा हिशोब सरासरीने बरोबर बसायचा.

समोरच तारा, पंप आणि मोटारींचे मोठे दुकान होते. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठच्या तोंडात साखर होती. एकदा तो स्वतः आपल्या गोदामाचे भलेमोठे पितळी कुलूप घेऊन आला आणि म्हणाला, एकच चावी आहे, दुसरी करून दे. दादाने मला सुरू केले. चावी झाली. दोन्ही चाव्या दादाने शेठच्या तळहातावर ठेवल्या. शेठने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, हे यंत्र नाही, जादू आहे. मला तेव्हा ते कौतुक आवडले होते. आज त्या थापेची आठवण झाली की माझे जबडे आवळतात.

काही महिन्यांनी शेठचे गोदाम लुटले गेले. दार फोडलेले नव्हते. कुलूप चावीने उघडले होते, आणि ती चावी कुलपातच लटकत होती. शेठने आपल्या दोन्ही चाव्या पोलिसांच्या पुढे ठेवल्या आणि हात जोडून म्हणाला, साहेब, माझ्या चाव्या माझ्यापाशी आहेत, तिसरी कोणी केली ते तुम्हीच ओळखा. विम्याचा अर्ज त्याने आधीच लिहून ठेवला होता, हे पुढे कळले.

सकाळी एक शिपाई आमच्या जिन्याखाली आला. साहेबांनी बोलावलंय, सहज दोन प्रश्न आहेत, असे म्हणाला. ताईने हातातली कानस खाली ठेवली. आधी एखाद्या वकिलाला विचारू या, असे तिने दादाला सुचवले. दादा हसला.

"मी काही केलंच नाही, मग वकील कशाला? वकील चोराला लागतो."

इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. हे वाक्य मी पुढे फार वेळा ऐकले.

दादा संध्याकाळी परत आला तो खुशीत होता. साहेब भले माणूस आहेत, चहा पाजला, सगळे खरेखरे सांगून आलो, असे त्याने ताईला सांगितले. सांगितले होतेच. साहेबांनी विचारले होते, एकदा हातात आलेली चावी आठवणीने करता येते का? कारागीर माणूस तो, अभिमानाने म्हणाला, डोळे मिटून करीन. साहेबांनी विचारले, चोरीच्या संध्याकाळी कुठे होतास? तो म्हणाला, घरी. मग थोड्या वेळाने त्याला आठवले की तेव्हा तो आईचे औषध आणायला गेला होता, म्हणून त्याने ते दुरुस्त केले. त्याला वाटले, आपण प्रामाणिकपणे चूक सुधारली. जबाबात मात्र आले, की संशयिताने आधी एक सांगितले, मग दुसरे. दिवसभर बोलून तो दमला होता. पुढे ठेवलेल्या कागदांवर न वाचताच त्याने सह्या केल्या.

साहेब दुष्ट नव्हते. त्यांना घाई होती. घाईत असलेल्या माणसापुढे कोणी स्वतःहून दोर ठेवला, तर तो गाठ मारतोच.

दुसऱ्याच दिवशी दादाला अटक झाली. गुन्ह्याचे हत्यार म्हणून मलाही उचलले. माझ्यावर कापड गुंडाळले, लाखेची मोहोर मारली आणि पोलीस ठाण्यातल्या जप्तीच्या मालाच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवले. शेजारी मोडकी सायकल होती आणि एक शिलाई यंत्र होते. कोणी कोणाशी बोलत नसे. तिथे मला गंज चढू लागला.

तिथे मला एकच गोष्ट सतत खात होती. कुलपात सापडलेली ती चावी त्याच खोलीत, माझ्या समोरच्या फळीवर, पुडीत बांधून ठेवलेली होती. पुडी बांधण्याआधी शिपायाने ती पालथी करून पाहिली आणि तिच्यावर गुन्ह्याची खूण कोरली, तेव्हा मीही पाहिली. तिच्या कुशीवर चंद्रकोर नव्हती. मी ती कापलीच नव्हती. कोणी एक भिंग आणले असते आणि माझ्यावर एक चावी कापून तिच्याशेजारी धरली असती, तर सगळे तिथेच मिटले असते. पण तसे करा म्हणून सांगणारे आमच्या बाजूचे कोणी नव्हते. मला कोणी विचारलेच नाही.

त्या खोलीची एक भिंत पातळ होती. पलीकडे माणसांना प्रश्न विचारायची खोली होती. मी ऐकत राहिले. आणि मित्रांनो, मला जे समजले त्याने माझ्या पोलादालाही घाम फुटला. ज्यांनी काही केले नव्हते ते भडाभडा बोलत. गैरसमज दूर होईल या आशेने ते वेळा चुकवत, नावे चुकवत, नको त्याचा अंदाज बांधून देत. एक बाई तर केवळ समोरचा माणूस रागावू नये म्हणून हो ला हो म्हणत गेली. आणि जे खरेच मुरलेले होते ते काय करत? ते खुर्चीत आरामात बसत आणि म्हणत, माझे वकील आल्यावर बोलतो. बस्स. मग खोली शांत होई. लुच्च्यांना जे पाठ होते ते सरळ माणसांना कोणी शिकवलेच नव्हते.

इकडे नातेवाईक ताईला सांगत होते, वकील केला तर संशय वाढेल, थोडं थांब, आपोआप मिटेल. ती थांबली. खटला कोर्टात उभा राहिला तेव्हा कुठे ती एका वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई उंच आणि किरकोळ बांध्याच्या, आवाज अगदी हळू. त्यांनी सगळे कागद वाचले आणि चष्मा काढला.

"तुमचा भाऊ खोटं बोलला नाही," त्या म्हणाल्या. "तो फार बोलला, एवढंच. आणि तुम्ही फार उशिरा आलात."

औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात दादा त्या संध्याकाळी नक्की दिसला असता. वकीलबाई धावत गेल्या, पण ते चित्रण केव्हाच पुसले गेले होते. त्यांनी कुलपातली चावी तपासायला मागितली. तर कुलूप आणि चावी माझीच मालमत्ता आहे असा अर्ज करून शेठने ती कधीच सोडवून नेली होती. हरकत घ्यायला आमच्या बाजूने कोणी नव्हते, म्हणून अर्ज मंजूर झाला होता. परत आणा म्हटल्यावर शेठने कोर्टात चेहरा पाडून सांगितले, दोन्ही हरवले.

दादाला शिक्षा झाली. तो तुरुंगात असताना त्याची आई गेली, जिच्या औषधासाठी तो त्या संध्याकाळी बाहेर पडला होता. दोन शिपायांच्या मध्ये उभे राहून त्याने आईला निरोप दिला. बेडी असल्यामुळे त्याला आईच्या कपाळावरून नीट हातही फिरवता आला नाही. ताई रडली नाही. तिथून पुढे तिच्या पोटात जे पेटले, ते विझले नाही.

वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अपील केले आणि अर्ज करून मला सोडवले. ताईने माझा गंज काढला, तेल घातले आणि मला पुन्हा त्याच जिन्याखाली बसवले. फक्त माझे तोंड तिने फिरवले. पूर्वी मी आत भिंतीकडे पाहायचे. आता मी थेट शेठच्या गल्ल्याकडे पाहू लागले. रोज सकाळी मला सुरू केले की माझा आवाज रस्ता ओलांडून त्याच्या कानात जायचा. ती मुद्दाम मोटर थोडी जास्तच वेळ फिरू द्यायची. एकदा शेठ तोंडात साखर घोळवत आला. झालं गेलं विसर, म्हणाला, हवी तर तुला दुसरीकडे चांगली जागा बघून देतो.

"नको," ताई म्हणाली. "मी इथंच बरी. तुम्ही मला रोज दिसायला हवेत."

त्या दिवसानंतर शेठ मागच्या दाराने दुकानात येऊ लागला.

अपील धूळ खात पडले होते. त्याच सुमारास शेठने नवीन गोदाम घेतले. तिथे एक रखवालदार नेमला. साधा, वयस्कर माणूस, पाय ओढत चालायचा आणि येता-जाता ताईला हाक मारायचा. एका सकाळी तो आमच्या जिन्याखाली थांबला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. शेठच्या नवीन गोदामातूनही माल गेलाय, असे त्याने सांगितले. दार याही वेळी चावीनेच उघडले होते आणि साहेबांनी त्याला सहज बोलावले होते. ताईने विचारले, वकील? रखवालदार हसला. अगदी दादासारखाच हसला.

"मी काही केलंच नाही, ताई. मग भ्यायचं कशाला?"

माझ्या जबड्यात एका गिऱ्हाइकाची चावी अर्धी कापलेली होती. तिने मला तसेच अर्ध्यावर बंद केले. माझ्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते. गिऱ्हाईक तोंड उघडून बघत राहिले. ताईने रखवालदाराची बाही धरली आणि त्याला वकीलबाईंच्या कचेरीकडे ओढू लागली. तो कुरकुरला. वकील घेऊन गेलो तर मलाच चोर म्हणतील, म्हणाला. माझ्यापाशी वकिलाला द्यायला काही नाही, म्हणाला. ताई रस्त्याच्या मधोमध थांबली.

"माझ्या भावाला कोणी चोर म्हणू नये म्हणून तो एकटा गेला होता," ती म्हणाली. "तो अजून आत आहे. चला."

हे सगळे मला पुढे तिच्याच तोंडून कळले. काम करताना तिला स्वतःशी बोलायची सवय आहे आणि माझ्याइतके लक्ष देऊन ऐकणारे दुसरे कोणी नाही.

वकीलबाईंनी रखवालदाराला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की ज्याची ऐपत नसते त्याला सरकारी मदतीतून वकील मिळू शकतो, ते मी बघते, तुम्ही घाबरू नका. मग दुसरी. ठाण्यात गेल्यावर नाव-पत्ता विचारला तर सांगा. बाकी प्रत्येक प्रश्नाला आधी माझ्याकडे बघा. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, आणि अंदाजाने तर खरंही बोलायचं नाही.

त्या त्याच्याबरोबर ठाण्यात जाऊन बसल्या. तेच साहेब होते. पण या वेळी त्यांना घाई करता आली नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर माहीत नव्हते तिथे रखवालदार माहीत नाही म्हणाला, आणि कागदावर तेवढेच आले. जबाब वकीलबाईंनी शब्दन् शब्द वाचला, दोन वाक्ये बदलून घेतली आणि मगच सही होऊ दिली. त्याच दुपारी त्यांनी लेखी मागणी केली, की गोदामासमोरच्या रंगाच्या दुकानातले कॅमेऱ्याचे चित्रण ताबडतोब ताब्यात घ्या. ते अजून पुसलेले नव्हते.

चित्रणात काय दिसले? रखवालदाराची पाळी संपल्यावर एक टेम्पो आला. त्यातून शेठचा मेहुणा उतरला, खिशातून चावी काढून त्याने गोदाम उघडले आणि खोकी भरून तो निघून गेला. शेठ स्वतः दिवा धरून उभा होता.

मेहुण्याला धरले तेव्हा ती चावी त्याच्या खिशातच सापडली. आणि इथे शेठचा कद्रूपणा त्याच्या मुळावर आला. हरवले म्हणून शपथेवर सांगितलेले ते जुने पितळी कुलूप टाकवले नाही म्हणून त्याने नवीन गोदामाच्या दाराला लावले होते. मेहुण्याच्या खिशातली चावी तीच होती. पोलिसांनी कोरलेली खूण अजून तिच्यावर होती. वकीलबाईंनी त्याच दिवशी दादाच्या अपिलात अर्ज टाकला. एक तज्ज्ञ भिंग घेऊन आमच्या जिन्याखाली आला. त्याने माझ्यावर एकामागून एक चाव्या कापल्या. प्रत्येकीच्या कुशीवर माझी चंद्रकोर. मेहुण्याच्या चावीवर काहीच नाही. कारखान्यात ज्या खोडीला नाक मुरडले होते, तिनेच माझी साक्ष दिली. उशिरा का होईना, मला कोणीतरी विचारले.

शेठला ठाण्यात आणले तेव्हा ताई तिथे मुद्दाम हजर होती. या क्षणाची तिने किती वाट पाहिली होती. तिला वाटत होते, यालाही एकट्याला त्या खोलीत बसवावे, चहा पाजावा आणि हा भडाभडा बोलत स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेताना आपण दारातून बघावे. शेठ खुर्चीत बसला. घाम पुसला. आणि अगदी शांतपणे म्हणाला, माझे वकील येईपर्यंत मी बोलणार नाही.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती वकीलबाईंना म्हणाली, माझा दादा निर्दोष असून एकटा बसला आणि या चोराला वकील? वकीलबाईंनी तिला बाहेर बाकावर बसवले.

"येऊ दे त्याचा वकील. चांगला येऊ दे," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "वकील असताना हरला, की मग त्याला रडायला जागाच उरत नाही."

ताईला ते पटायला वेळ लागला. पण पटले तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि ते हसू काही चांगले नव्हते. शेठने गावातला सगळ्यात नावाजलेला वकील उभा केला. वकिलाने जीव तोडून बाजू मांडली. चित्रण बोलत होते, चावी बोलत होती, शपथेवर सांगितलेले खोटे बोलत होते. शेठ हरला. खालच्या कोर्टात हरला, वरच्या कोर्टातही हरला. प्रत्येक तारखेला ताई दुकान बंद ठेवून पहिल्या रांगेत जाऊन बसायची. निकालाच्या दिवशी तिने नवी साडी नेसली होती.

दादा निर्दोष सुटला. त्याचे केस पांढरे झाले होते. तो दुकानात येऊन माझ्यामागे स्टुलावर बसून राहायचा, पण मला हात लावायचा नाही. डोळे मिटून चावी करीन म्हणालेला माणूस आता चावीकडे पाहायलाही घाबरत होता. कोर्टाने त्याची निर्दोषता परत दिली, त्याचे हात मात्र परत दिले नाहीत. याचा राग मला आजही आहे आणि तो जाणार नाही.

मग एका दुपारी शेठची बायको आली. तिचा भाऊही नवऱ्याबरोबर तुरुंगात गेला होता. तिने नवीन कुलूप टेबलावर ठेवले. घराच्या दाराचे कुलूप बदलले, त्याची आणखी एक चावी हवी, असे सांगितले. ताईने सहज विचारले, जुन्याच्या चाव्या होत्या ना?

"जुन्या चावीने आता दार उघडायला नको," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ जुनी आहे."

मागे स्टूल वाजले. दादा उठून आला. त्याने ताईच्या हातातून ती चावी घेतली, माझ्या डाव्या जबड्यात आवळली, उजव्यात कोरी बसवली आणि बटण दाबले. सुरुवातीला त्याचा अंदाज चुकत होता. मी माझ्या बाजूने त्याला सांभाळून घेतले. पितळेचा कीस उडाला. खरे सांगते मित्रांनो, इतक्या चवीने मी आयुष्यात कोणतीही चावी कापलेली नाही. शेठ सुटून येईल, आपल्याच दारासमोर उभा राहील, जुनी चावी फिरवेल आणि ती फिरणार नाही. ते दाराबाहेरचे उभे राहणे दात घासत घासत मी आधीच चाखले. दादाने चावीवर फुंकर घातली आणि बाईच्या हातात दिली. तो मग संध्याकाळपर्यंत माझ्यापाशीच बसला.

जुनी यंत्रे गोष्टीच्या शेवटी आम्हाला जपा, आम्हाला भंगारात टाकू नका, अशी विनंती करतात. मला ती करायची नाही. ताई मला वेळच्या वेळी तेल घालते. तुम्ही स्वतःला जपा. कोणी सहज म्हणून बोलावले, आरोप तुमच्यावर असो की तुमच्या घरातल्या कोणावर, तर त्याच दिवशी, तोंड उघडायच्या आधी, वकिलाचे दार वाजवा. नम्रपणे सांगा की वकिलांशी बोलून उत्तर देतो. त्यात लाज नाही आणि त्याने कोणी चोर ठरत नाही. रखवालदार आजही पाय ओढत आमच्या जिन्याखालून जातो आणि ताईला हाक मारतो.

अपराधी माणूस वकिलाकडे धावत जातो, मित्रांनो. निर्दोष माणसाने निदान चालत तरी जावे.